किती वर्षं आपला? राखून ठेवलेल्या खेळाडूचा इतिहास

आज एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. प्रश्न खेळातला आहे, पण त्याचं मूळ कोर्टकचेरीत आणि कामगार संघटनांच्या लढ्यात आहे.

२६ जून २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एनबीएचा ड्राफ्ट चालू होता. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची संघांमध्ये वाटणी. ४१व्या क्रमांकावर डेन्व्हर नगेट्स संघानं निकोला योकिच या सर्बियन मुलाचं नाव घेतलं. त्या क्षणी अमेरिकन टीव्हीवर एका खाद्यपदार्थांच्या साखळीची जाहिरात चालू होती, म्हणजे त्याची निवड पडद्यावर धड दिसलीसुद्धा नाही. पुढे हाच योकिच २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीन वेळा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता कल्पना करा. २०१५ साली दहा मित्रांनी फँटसी बास्केटबॉलची लीग काढली. त्यात एकानं योकिचला एका डॉलरला घेतलं. लीगचा नियम असा की आवडलेला खेळाडू पुढच्या वर्षी त्याच किमतीला ठेवता येतो. मग तो किती वर्षं ठेवता यावा? दोन? पाच? की योकिच निवृत्त होईपर्यंत एकाच डॉलरला?

हा प्रश्न वाटतो तितका पोरखेळ नाही. खऱ्या खेळाडूंच्या बाबतीत अमेरिकेनं हाच प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं भिजत ठेवला होता.

आधी खेळ समजून घेऊ

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी लीगमध्ये तुम्ही खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बनवता. ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील, त्याचे गुण तुम्हाला मिळतात. बास्केटबॉलमध्ये साधारण नऊ रकाने धरतात: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांचे बास्केट, दोन प्रकारच्या नेमबाजीची टक्केवारी आणि चेंडू गमावण्याचे प्रसंग. यातले काही रकाने फार जुने नाहीत. स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद एनबीएनं १९७३-७४च्या हंगामापासून ठेवली, आणि तीन गुणांची रेषा मैदानावर आली ती १९७९-८०मध्ये.

खेळाडू मिळवायच्या दोन पद्धती आहेत. एक, पाळीपाळीनं नावं घ्यायची. दुसरी, लिलाव. आणि दर वर्षी पाटी पुसून नव्यानं सुरुवात न करता काही खेळाडू पुढच्या हंगामात सोबत नेता येत असतील, तर ती झाली ‘कीपर लीग’. लिलाव आणि कीपर एकत्र आले की ‘करार’ जन्माला येतो. कारण आता खेळाडूला दोन गोष्टी चिकटतात: किंमत आणि मुदत.

आयपीएलमुळे आपल्याला हे ओळखीचं वाटेल. पण या कल्पना आयपीएलच्या कितीतरी आधीच्या आहेत.

कायमचा राखीव

१८७९ साली अमेरिकेतल्या बेसबॉलच्या नॅशनल लीगमधल्या संघमालकांनी आपसांत एक समझोता केला. प्रत्येक संघानं पाच खेळाडू ‘राखीव’ म्हणून जाहीर करायचे आणि इतर कुणी त्यांना हात लावायचा नाही. हेच ते ‘रिझर्व्ह क्लॉज’. पुढे पाचाचे जवळपास सगळेच खेळाडू राखीव झाले आणि हे कलम प्रत्येकाच्या करारात शिरलं. करार दिसायला एका वर्षाचा, पण तो एक वर्ष वाढवायचा हक्क मालकाचा. वाढवलेल्या करारात पुन्हा तेच कलम! म्हणजे मालकाच्या मनात असेल तोवर खेळाडू त्याचाच.

मालकांचं म्हणणं असं की हे कलम नसेल तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील आणि स्पर्धेत राम उरणार नाही. अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६च्या आपल्या निबंधात या दाव्याला टाचणी लावली. त्यांचा मुद्दा असा की कलम असो वा नसो, खेळाडू शेवटी तिथेच जाईल जिथे त्याचं मोल सर्वात जास्त आहे, कारण छोट्या संघाचा मालक त्याला मोठ्या संघाला विकू शकतोच. फरक एवढाच की पैसे खेळाडूच्या खिशात न जाता मालकाच्या खिशात जातात.

१९६९ साली सेंट लुइसच्या संघानं कर्ट फ्लड या आपल्या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लडनं जायला नकार दिला आणि कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. तो हरला, त्याची कारकीर्दही संपली. पण विषय चव्हाट्यावर आला. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या बाजूनं निकाल दिला: करार एक वर्ष वाढवता येतो, याचा अर्थ एकच वर्ष. त्यापुढे खेळाडू मोकळा.

बास्केटबॉलची गोष्ट याला समांतर चालली. १९६६-६७च्या हंगामात एनबीएमध्ये सर्वाधिक गुण करणारा रिक बॅरी दुसऱ्या लीगमध्ये, एबीएमध्ये, जायला निघाला. त्याच्या करारात जुन्या संघाचं ‘ऑप्शन’चं एक वर्ष शिल्लक होतं. कोर्टानं त्याला अडवलं आणि तो १९६७-६८चा पूर्ण हंगाम घरी बसला. १९७० साली खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावानं एनबीएवर खटला दाखल झाला. १९७६ साली तडजोड झाली आणि कायमच्या राखीवपणाची गाठ सैल झाली. सुरुवातीला नव्या संघानं जुन्याला भरपाई द्यायची अट होती. पुढे तिच्या जागी ‘पहिला हक्क’ आला, म्हणजे दुसऱ्यानं दिलेली रक्कम जुना संघ देत असेल तर खेळाडू त्याच्याकडेच राहणार. ही अटही न लागता संघ बदलणारा पहिला मोठा खेळाडू टॉम चेंबर्स. साल १९८८, सिएटलहून फीनिक्स.

दरम्यान १९८४-८५च्या हंगामापासून एनबीएनं प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली: ३६ लाख डॉलर. आज हा आकडा १४ कोटींच्या वर गेला आहे.

थोडक्यात, १९७० ते १९८८ या काळात अमेरिकन खेळांमध्ये किंमत, मुदत, ऑप्शन, पहिला हक्क आणि पगाराची मर्यादा हे सगळे शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते. फँटसी लीगचा जन्म नेमका याच गदारोळात झाला.

भाजलेल्या कोंबडीचं हॉटेल

खेळाडूंचा कागदी लिलाव याआधीही कुणी केला होता. १९६० साली विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनमध्ये सहकाऱ्यांबरोबर असा खेळ सुरू केला आणि त्याला साळसूदपणे ‘बेसबॉल सेमिनार’ असं नाव दिलं. त्या खेळातला एक भिडू, प्राध्यापक रॉबर्ट स्क्लार, मिशिगन विद्यापीठात शिकवत होता. त्याचा विद्यार्थी डॅनियल ओक्रेंट.

ओक्रेंट पुढे संपादक आणि लेखक झाला. १९७९च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासला विमानानं जाताना त्यानं या खेळाचे नवे नियम कागदावर मांडले. न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्राँसेझ’ या हॉटेलात जेवणाऱ्या मित्रांना ते पटले. रोटिसरी म्हणजे सळईवर फिरवत मांस भाजायची शेगडी. म्हणून लीगचं नाव ‘रोटिसरी लीग’ पडलं. १९८०च्या वसंतात पहिला लिलाव झाला. मंडळी प्रकाशन आणि पत्रकारितेतली होती, त्यामुळे बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. १९८१च्या उन्हाळ्यात बेसबॉलचा संप झाला, सामने बंद पडले, आणि लिहायला विषय नसलेल्या वार्ताहरांना हा खेळ आयता सापडला. १९८४ साली नियमांचं पुस्तकच निघालं.

त्या नियमांत रूढ झालेली घडी अशी. प्रत्येक संघाकडे २६० डॉलर आणि २३ खेळाडू घ्यायचे. हंगाम संपल्यावर जास्तीत जास्त १५ खेळाडू राखता येतील. आणि करार असा: पहिल्या वर्षी लिलावाची किंमत, दुसऱ्या वर्षी तीच. तिसरं वर्ष ‘ऑप्शन’चं. ते सुरू होण्याआधी मालकानं तिन्हीपैकी एक निवडायचं. खेळाडू सोडून द्यायचा. किंवा त्याच किमतीला आणखी एकच वर्ष ठेवून मग सोडायचा. किंवा लांब मुदतीचा करार करायचा. त्यात ऑप्शनच्या पुढच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे पगार ५ डॉलरनं वाढतो, आणि ही वाढ ऑप्शनच्या वर्षापासूनच लागू होते.

रिक बॅरीला घरी बसवणारा तोच ‘ऑप्शन’ शब्द इथे मनोरंजनाच्या खेळात आला. पण एक मोठा फरक करून आला. इथे त्याला शेवट होता.

हातोडा पडताना काय घडतं

बास्केटबॉलच्या अनेक लीगांनी हाच साचा उचलला. आज लोकप्रिय वेबसाइटवर साधारण २०० डॉलर आणि १३ खेळाडू असं माप असतं. हे पैसे काल्पनिक. लिलावात एक जण नाव पुकारतो, बोली चढत जाते, आणि एक बार, दोन बार, तीन बार झालं की खेळाडू शेवटच्या बोलीवाल्याचा.

पहिला हिशेब साधा आहे. १३ जागा भरायच्याच आहेत, तेव्हा उरलेल्या १२ जागांसाठी किमान एकेक डॉलर बाजूला हवा. म्हणून पहिल्या खेळाडूवर तुम्ही जास्तीत जास्त १८८ डॉलर लावू शकता. दर खरेदीनंतर ही कमाल बोली बदलते. हुशार भिडू स्वतःच्या याआधी समोरच्याची कमाल बोली मांडत बसतो.

दुसरी गोष्ट नाव पुकारण्याची. सुरुवातीला आपल्याला हवा तो खेळाडू पुकारू नये. ज्याच्यासाठी इतरांनी पैसे उधळावेत तो पुकारावा. खिसे हलके झाले की मग आपला माणूस काढावा. लिलावाच्या भिशीत बसलेल्यांना हे शिकवायला नको. गरजू माणूस घाईनं बोलतो, थांबू शकणारा फायद्यात राहतो.

तिसरी गोष्ट ‘विजेत्याचा शाप’. १९७१ साली केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावावर लेख लिहिला. सगळ्यांचे अंदाज थोडे चुकतातच. लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वात जास्त फुगलेला असतो तो. म्हणून जिंकणं हीच जादा पैसे मोजल्याची खूण असू शकते. खेळाडूंच्या लिलावात हे हमखास घडतं, विशेषतः नव्या, अजून न खेळलेल्या पोरांबाबत.

आणि बास्केटबॉलचं वेगळेपण म्हणजे मैदानावर एका वेळी पाचच जण असतात. त्यामुळे एका थोर खेळाडूचा वाटा फार मोठा असतो. म्हणून इथे दोन-तीन ताऱ्यांवर बहुतेक पैसा आणि बाकी एकेक डॉलरचे गडी, ही चाल पुष्कळ जण खेळतात.

राखीव खेळाडू आणि महागाई

कीपर लीगमध्ये नव्या माणसाची सर्वात मोठी फसगत इथे होते. आकडे मांडून पाहू.

दहा संघ, प्रत्येकी २०० डॉलर. एकूण २,००० डॉलर. समजा सगळ्या १३० खेळाडूंची मिळून रास्त किंमत २,००० आहे. लिलावाआधी प्रत्येकानं तीन खेळाडू राखले. या तिसांची रास्त किंमत ६००, पण ते स्वस्तात मिळालेले असल्यानं करारांची बेरीज फक्त ३६०. आता बाजारात पैसा उरला १,६४० आणि माल उरला १,४०० चा. म्हणजे भाव सुमारे १७ टक्क्यांनी चढणार. कागदावर ४० चा असलेला खेळाडू ४७ ला जाणार. जो ४० वर अडून बसेल तो पैसे खिशात ठेवून घरी येईल. आणि खिशात उरलेल्या पैशाला इथे काडीची किंमत नसते.

ही महागाई सगळ्यांवर सारखी पडत नाही. एक डॉलरचा गडी एक डॉलरलाच जातो, वाढ सगळी वरच्या थरावर जाऊन बसते. आणि राखलेले खेळाडू जितके स्वस्त, तितका उरलेला बाजार महाग. म्हणजे माझ्या जुन्या करारातल्या स्वस्ताईची किंमत बाकीचे नऊ जण मोजतात.

योकिच आणि रोज

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. २०१५-१६ मध्ये एका डॉलरला घेतलेला योकिच २०१६-१७ मध्येही एकच डॉलर. २०१७-१८ ऑप्शनचं वर्ष. मालकानं दोन वाढीव वर्षं घेतली तर १ अधिक १०, म्हणजे ११ डॉलर. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० अशी तीन वर्षं. तरीही फारच स्वस्त. पण २०२०च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या हंगामाआधी करार संपला, योकिच पुन्हा लिलावात आला. आणि त्याच हंगामात तो पहिल्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालकाला पाच वर्षं दूरदृष्टीचं फळ मिळालं. सहाव्या वर्षी बाकीच्यांनाही संधी मिळाली.

दुसरी बाजू डेरिक रोजची. २००८ साली तो शिकागो संघात आला. समजा कुणी त्याला १२ डॉलरला घेतलं. २०१०-११ ऑप्शनचं वर्ष, दोन वाढीव वर्षं घेतली, पगार २२. त्याच हंगामात रोज वयाच्या २२व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालक खूश. पुढच्या हंगामात दुखापतींमुळे तो ३९ सामने खेळला, २८ एप्रिल २०१२ रोजी त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि २०१२-१३मध्ये तो एकही सामना खेळला नाही. करार मात्र चालू. २००तले २२ डॉलर अडकले. मुदत वाढवणं हा पैजेचा व्यवहार आहे, आणि वाढीव ५ डॉलर हे त्या पैजेचं मोल.

काही लीगांत मुदत संपल्यावर ‘पहिला हक्क’ही असतो. लिलावातली शेवटची बोली ऐकून जुना मालक थोडं वर जाऊन खेळाडू परत घेतो. यातली खोच आपण आयपीएलमध्ये पाहिली आहे. नोव्हेंबर २०२४च्या जेद्दाच्या लिलावात लखनौची ऋषभ पंतवरची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली, दिल्लीनं जुळवणीचा हक्क वापरला. पण नव्या नियमानं लखनौला एकदा बोली वाढवायची मुभा होती. त्यांनी थेट २७ कोटी म्हटलं आणि दिल्लीनं माघार घेतली. जुळवणीचा हक्क फुकट मिळाला की इतर लोक मनापासून बोली लावत नाहीत. आपण भाव ठरवायचा आणि माल दुसऱ्यानं न्यायचा, हे कुणाला आवडेल? म्हणून त्या हक्काला काहीतरी किंमत लावावी लागते.

मुदत कशासाठी

आता बिनमुदतीची लीग डोळ्यांसमोर आणा. योकिच कायम एका डॉलरला. त्याच्या मालकाकडे उरलेल्या १२ जागांसाठी १९९ डॉलर. दर वर्षी तोच वरचढ. तळातल्या माणसाला लिलावात मिळतात ते इतरांनी टाकून दिलेले खेळाडू, तेही चढ्या भावानं. अशा लीगमधून पहिल्यांदा तळाचे लोक उठून जातात आणि मग लीगच बंद पडते. मुदत असली की तळातल्यालाही पत्ते खेळता येतात: हंगामाच्या मध्यात महागडा तारा आघाडीच्या संघाला द्यायचा आणि बदल्यात स्वस्त, लांब मुदतीचा तरुण गडी घ्यायचा. रॉटेनबर्ग म्हणत होते तसं, मोल जिथे जास्त तिथे खेळाडू पोचतो. पण ‘मोल’ बदलायला मुदत संपण्याची धास्ती असावी लागते.

म्हणजे गंमत पाहा. शंभर वर्षं संघमालक सांगत होते की खेळाडू कायमचा राखता आला नाही तर स्पर्धा मरेल. आणि मनोरंजनासाठी मालक झालेल्या मंडळींनी स्वतःच्या लीगमध्ये पहिलं काय केलं असेल, तर राखण्यावर मुदत घातली.

एक मात्र विसरायला नको. फँटसीच्या करारात खेळाडू सहभागीच नसतो. त्याला ना ५ डॉलरची वाढ मिळते, ना नकार देता येतो. त्याच्या नावाचा आणि आकड्यांचा वापर करायला परवाना लागतो का, हा वादही कोर्टात गेला. २००७ साली अमेरिकेतल्या फेडरल अपील न्यायालयानं सांगितलं की ही माहिती सर्वांसाठी खुली आहे, फँटसी कंपनीला परवाना लागत नाही. त्या खटल्यात बेसबॉल खेळाडूंची संघटना हरलेल्या बाजूला होती. ज्यांनी राखीवपणाविरुद्ध लढून मुदत मिळवली, त्यांच्याच नावावर आपण हा मुदतीचा खेळ खेळतो.

तेव्हा इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, कुठेही मित्रांबरोबर लीग काढणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. खरे पैसे लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आपल्याकडे बंद केले आहेत. आणि लिलावाच्या आधी, हातोडा हातात घेण्याआधी, करार कधी संपणार ते लिहून काढा. पहिल्या वर्षी सगळे समान असतात, तेव्हा त्यावर कुणी भांडत नाही. एकाच्या हाती एका डॉलरचा योकिच आल्यावर मात्र हा नियम करायला कुणी तयार होत नाही. कर्ट फ्लडला हे पक्कं ठाऊक होतं.